फिरत्या पथकांकडून होणाऱ्या कानाच्या शस्त्रक्रिया : पथक परतल्यावर त्या कानाचं काय होतं?

कानोसा (धागाकर्ता)

नमस्कार. मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. जिथे कानाचा डॉक्टर मुळात नाहीच अशा भागात काही दिवस राहून शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकांबरोबर मी बरीच वर्षं काम करतो आहे. या कामाबद्दल लोक एकतर भारावून बोलतात, नाहीतर दिखाऊ म्हणून मोडीत काढतात. दोन्हींत कान बाजूलाच राहतो. म्हणून जरा तपशिलात बोलावं असं वाटलं.

आधी गरज केवढी आहे ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालाप्रमाणे जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-जास्त बहिरेपण आहे. त्यातल्या ४३ कोटींचं बहिरेपण इतकं आहे की उपचार किंवा पुनर्वसनाशिवाय भागत नाही. आणि कमी उत्पन्नाच्या देशांपैकी सुमारे ७८ टक्के देशांत दहा लाख लोकांमागे एक कान-नाक-घसा तज्ज्ञसुद्धा नाही. मी जातो त्या भागांत जवळचा तज्ज्ञ गाठायचा म्हणजे घरातल्या दोन माणसांचं काम बुडवून निघायचं. कान दुखत नसला की ते पुढे ढकललं जातं. वाहता कान सहसा दुखत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट.

पथकाकडे येणारे बहुतेक कान हे वर्षानुवर्षं वाहणारेच असतात. लहानपणी मधल्या कानात पू होतो, पडदा फुटतो, भोक बुजत नाही आणि प्रत्येक सर्दीला, प्रत्येक अंघोळीला कान पुन्हा वाहू लागतो. यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात पडद्याला मध्यभागी भोक असतं. त्रास होतो, ऐकू कमी येतं, पण जिवाला धोका सहसा नसतो. दुसऱ्यात पडद्याचा वरचा किंवा मागचा भाग आत ओढला जातो, तिथे कातडीची पिशवी तयार होते आणि ती वाढत वाढत हाड खात जाते. हा कॉलेस्टिॲटोमा. तो हातोडा-ऐरण-रिकीब या नाजूक हाडांना खातो, चेहऱ्याच्या नसेवरचं आवरण खातो, तोल सांभाळणाऱ्या नळीला भोक पाडतो, आणि वर मेंदूपर्यंत पोहोचला की मेंदूत गळू होतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. कानाची शस्त्रक्रिया पट्टी बांधली त्या दिवशी पूर्ण होत नाही. एक वर्षाने तो कान कोरडा आहे का, पडदा शाबूत आहे का, ऐकू किती येतंय, हे कुणीतरी बघितल्यावर ती पूर्ण होते. ते बघणारं माणूस तिथे नसेल तर पथकाने कोणत्या शस्त्रक्रिया करायच्या आणि कोणत्या नाहीत, हे आधी ठरवायला हवं. ज्यांनी असं काम केलंय किंवा ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी लिहावं.

चौकस

चांगला विषय. माझं वैद्यकीय ज्ञान शून्य, त्यामुळे प्रश्न अगदी पायाचा आहे. कान वाहतोय तर थेंब घालून तो थांबत नाही का? थेट शस्त्रक्रियाच कशाला?

कानोसा

चौकस, प्रश्न अगदी बरोबर आहे. पहिल्या प्रकारच्या बऱ्याच कानांना आधी शस्त्रक्रियेची गरजच नसते. कान स्वच्छ पुसून कोरडा करणं आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे थेंब नीट घालणं, एवढ्यावर पुष्कळ कान कोरडे होतात. अशा जुन्या वाहत्या कानात पोटातून घ्यायच्या अँटिबायोटिक गोळ्यांपेक्षा हे थेंब जास्त उपयोगी ठरतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण थेंब पुवाच्या थरावर घातले तर आत पोहोचतच नाहीत. आधी पुसायचं, मग घालायचं. स्वच्छ सुती कापडाची किंवा टिश्यू कागदाची वात वळायची, कानात सोडायची, ती भिजली की काढून दुसरी. वात कोरडी येईपर्यंत. घरातलं कुणीही हे शिकू शकतं.

एक सावधगिरी मात्र हवी. जेंटामायसिन, निओमायसिन या जातीचे थेंब स्वस्त आणि सहज मिळणारे असतात. पडद्याला भोक असताना ते आतल्या कानापर्यंत जाऊन नसेला इजा करू शकतात. शक्य तिथे ते टाळावेत.

शस्त्रक्रिया लागते ती कोरडा झालेला कान पुन्हा पुन्हा वाहू नये म्हणून आणि ऐकू यावं म्हणून. थेंबांनी भोक बुजत नाही. आणि कॉलेस्टिॲटोमा असेल तर थेंबांनी फार तर वास कमी होतो, रोग तिथेच राहतो.

पायवाट

मी डॉक्टर नाही. पथक येण्याआधीचं आणि गेल्यानंतरचं काम बघते, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांशी बोलणं, याद्या, वाहन, राहण्याची सोय, परत तपासणीला बोलावणं.

कानोसा यांनी वर्षाचा निकष सांगितला, मला तर वाटतं तो निकष शस्त्रक्रियेच्या तीन महिने आधीपासून लागू होतो. आधी नुसतं "पथक येतंय" असं जाहीर व्हायचं. पहिल्या दिवशी पहाटेपासून माणसं. त्यात निम्म्यांच्या कानात फक्त मळ, काहींना वयाचं बहिरेपण, ज्याला शस्त्रक्रियेचा काहीच उपयोग नाही. उरलेल्यांतले पुष्कळ कान त्या दिवशी भरलेले, वाहते. सर्जन दिवसभर मळ काढत बसायचे. आणि संध्याकाळी दूरवरून आलेल्या माणसाला "तुमचं होणार नाही" असं सांगायचं काम माझ्याकडे यायचं. एक आजोबा नातवाचा हात धरून आले होते. त्यांना वाटलं होतं की नातवाला आज ऐकू येईल. मुलाला जन्मापासूनच दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, नसेचं बहिरेपण. ते शांतपणे ऐकून घेत होते आणि पुन्हा विचारत होते, "मग परत कधी येऊ?"

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत बदलली. आता आरोग्यसेविका आधी कान बघतात, मोबाइलला जोडायच्या ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दुर्बिणीने, पडद्याचा फोटो काढतात, तो सर्जनकडे जातो. ज्यांचा उपाय शस्त्रक्रिया नाही त्यांना तिथेच योग्य वाट दाखवली जाते. ज्यांचा कान वाहतोय त्यांना पुसण्याची पद्धत आणि थेंब दिले जातात. पथक येतं तेव्हा यादी छोटी असते आणि त्यातले बहुतेक कान कोरडे असतात.

अभ्यासू

पायवाट, तुम्ही म्हणताय त्या पद्धतीचा सगळ्यात ठळक नमुना अलास्कात आहे. तिथल्या मूळनिवासी वस्त्या इतक्या विखुरलेल्या आहेत की कित्येक गावांना रस्ताच नाही, विमानाने जावं लागतं. गावातलीच प्रशिक्षित आरोग्यसेवक मंडळी पडद्याचे फोटो आणि श्रवणचाचणी पाठवतात आणि शहरातला तज्ज्ञ ते बघून सांगतो की कुणाला शस्त्रक्रियेसाठी आणायचं, कुणाला थेंब द्यायचे, कुणाला नुसतं लक्षात ठेवायचं. या शतकाच्या सुरुवातीपासून हे चालू आहे.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 'डेडली इअर्स' नावाचा सरकारी कार्यक्रम आहे. आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या मुलांसाठी तज्ज्ञांचं पथक ठरलेल्या वस्त्यांमध्ये पुन्हा पुन्हा जातं, शस्त्रक्रियाही तिथेच होतात. पथक तिथेही फिरतंच आहे. पण वस्ती तीच, कार्यक्रम तोच, नोंदी सलग. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

आणखी एक आकडा. एखाद्या भागातल्या मुलांमध्ये वाहत्या कानाचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं तर तो तातडीने हाताळायचा मोठा सार्वजनिक आरोग्यप्रश्न समजावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकातच म्हटलं होतं. त्या पातळीवर एकेक पडदा शिवून प्रश्न सुटणार नाही. गर्दीची घरं, धूर, कुपोषण, सर्दी-खोकल्यावर वेळेत उपचार नसणं, हे सगळं त्यामागे असतं. शस्त्रक्रिया नको असं माझं म्हणणं नाही. पण जो कान आज शस्त्रक्रियेसाठी टेबलावर आहे तो दहा वर्षांपूर्वी थेंबांनी वाचला असता.

स्वरयात्री

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणारी. पथकात सर्जन तीन आणि ऑडिओलॉजिस्ट एकही नाही, असं चित्र मी पाहिलं आहे आणि ते मला मान्य नाही.

श्रवणचाचणीशिवाय कानाला हात लावू नये. शांत खोली मिळत नाही हे खरं, पण बंद दार, जाड पडदे आणि दुपारच्या जेवणाची वेळ साधली तर बरंच जमतं. अगदीच काही नसेल तर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क तरी हवा. हाडावर ठेवल्यावर जास्त मोठं ऐकू येतंय की कानासमोर धरल्यावर, एवढ्यावरून पडद्या-हाडांचा दोष आणि नसेचा दोष बऱ्यापैकी वेगळा काढता येतो. पायवाट यांनी सांगितलेल्या त्या मुलासारखी मुलं तिथेच ओळखू येतात.

दुसरं, एकुलता एक ऐकणारा कान. एका कानाने पूर्ण बहिरा असलेला माणूस दुसऱ्या, भोक पडलेल्या कानावर जगत असतो. शस्त्रक्रियेत त्या कानाची नस जाण्याची शक्यता कमी असली तरी शून्य नसते. पडद्याचं साधं भोक असेल तर त्या कानाला फिरत्या पथकाने हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला श्रवणयंत्र द्यावं.

आणि श्रवणयंत्राबद्दल. ज्यांना श्रवणयंत्राचा फायदा होईल त्यांच्यापैकी जगात सुमारे १७ टक्के लोकच ते वापरतात. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी मार्गदर्शिका काढली. त्यात तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडून श्रवणयंत्र बसवण्याची रीत दिली आहे. पथकाने शस्त्रक्रियेच्या बरोबरीने या कामाला वेळ द्यायला हवा. अडचण एकच, वाहत्या कानात यंत्राचा साचा घातला की हवा कोंडते आणि कान आणखी वाहतो. म्हणून कान कोरडा करणं आमच्यासाठीही पहिली पायरी आहे.

रात्रपाळी

भूलतज्ज्ञ. माझे मुद्दे थोडे आहेत.

मोठ्या माणसांचा पडदा जागेवर बधिर करून आणि थोडं गुंगीचं औषध देऊन छान होतो. रुग्ण जागा असतो, चक्कर आली तर सांगतो, चेहरा हलतोय का ते दिसतं. अशा ठिकाणी याहून सुरक्षित काही नाही. मुलांना पूर्ण भूल लागते आणि तिथे मी अडून बसतो. ऑक्सिजनचा भरवसा, सक्शन, मॉनिटर आणि भूल उतरल्यावर मुलाजवळ बसणारी जाणती परिचारिका यातलं एक जरी नसेल तर मुलांची यादी रद्द. कानाचं भोक तातडीचं नसतं. मूल पुढच्या फेरीला येईल.

वीज जाते हे गृहीत धरायचं. बॅटरीवर चालणारा पल्स ऑक्सिमीटर जवळ हवाच. २०११ मध्ये सुरू झालेल्या लाइफबॉक्स संस्थेने असे दणकट ऑक्सिमीटर गरजू रुग्णालयांना पुरवण्याचं मोठं काम केलं आहे.

कानाच्या सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला दोघांनाही माहीत हवी अशी एक गोष्ट : नायट्रस ऑक्साइड हा भुलीसाठी वापरतात तो वायू मधल्या कानाच्या पोकळीत शिरतो आणि तिथला दाब वाढवतो. नवा ग्राफ्ट उचलला जाऊ शकतो. वापरायचाच असेल तर ग्राफ्ट ठेवण्याच्या बऱ्यापैकी आधी बंद करावा. मी तर तो वापरतच नाही.

चौकस

ग्राफ्ट म्हणजे काय? पडदा नवीन कुठून आणतात?

कानोसा

त्याच माणसाच्या कानाजवळून. कानाच्या वर कपाळाकडे जाणारा जो चावण्याचा स्नायू आहे, त्यावर पातळ पांढरं आवरण असतं. त्याचा नखाएवढा तुकडा काढून काचेवर पसरून वाळवतो. ओला असताना तो हातात गोळा होतो, वाळला की कागदासारखा ताठ होतो आणि कापता येतो. मग भोकाच्या जुन्या कडा खरवडून ताज्या करायच्या, पडदा कडेने उचलायचा आणि हा तुकडा आतल्या बाजूने, उरलेल्या पडद्याखाली सरकवायचा. खाली विरघळणाऱ्या जेलफोमचा आधार. हळूहळू पडद्याची कातडी त्यावरून सरकत भोक झाकते.

जिथे पुन्हा तपासणीची खात्री कमी, तिथे मी आवरणाऐवजी कानाच्या दारातल्या कूर्चेचा पातळ तुकडा वापरायला लागलो आहे. तो सहजासहजी विरत नाही, आत ओढला जात नाही, थोडा जंतुसंसर्ग झाला तरी टिकतो.

रुग्णाला आधीच एक सांगून ठेवावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आधीपेक्षाही कमी ऐकू येतं, कारण कान आतून-बाहेरून भरलेला असतो. हे सांगितलं नाही तर माणसं घाबरतात आणि घरी कापूस-फोम उपसून काढतात. त्यांच्याच भाषेत, शक्यतो त्यांच्यातल्याच कुणाकडून हे सांगितलं जावं.

हिरवळ

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीच्या कानाची शस्त्रक्रिया अशाच एका पथकाने केली. हाड पोखरलं होतं, मोठी शस्त्रक्रिया होती. डॉक्टर खूप चांगले वागले, याबद्दल काही म्हणणं नाही. पण घरी सोडताना हातात एक कागद दिला, त्यावर औषधांची नावं, आणि "कान दर काही महिन्यांनी साफ करून घ्या" एवढंच. कुणाकडून, ते नव्हतं. आमच्या भागात कुणी कान साफ करणारं नाही. आता तिच्या कानाच्या आत मोठा खड्डा आहे, त्यात मळ साचतो, वास येतो, आणि ती लोकांत बसायचं टाळते. शस्त्रक्रिया चुकली होती का? की हे असंच असतं?

कानोसा

हिरवळ, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुम्ही वर्णन केलंय ते मी मोकळ्या पोकळीचं रूप म्हणून ओळखतो. बहिणीचा कान न बघता शस्त्रक्रियेबद्दल मत देणार नाही, पण हे का होतं ते सांगतो.

कॉलेस्टिॲटोमा काढायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एकात कानाच्या नळीची मागची हाडाची भिंत राखतात. कान आतून नेहमीसारखा दिसतो, पाणी गेलं तरी बिघडत नाही. पण भिंतीआड रोगाचा कण राहिला तर बाहेरून दिसत नाही. म्हणून नऊ-बारा महिन्यांनी पुन्हा उघडून बघावं लागतं किंवा विशिष्ट प्रकारचा एमआरआय करावा लागतो. जिथे माणूस पुन्हा येईल की नाही सांगता येत नाही आणि एमआरआय शेकडो किलोमीटर दूर आहे, तिथे हा मार्ग धोक्याचा.

दुसऱ्या मार्गात ती भिंत काढून टाकतात. रोग उरला किंवा परत आला तर तो पोकळीत उघडा दिसतो, आत लपून मेंदूकडे जात नाही. म्हणून फिरती पथकं बहुधा हाच मार्ग निवडतात, आणि जिवाच्या दृष्टीने तो निर्णय योग्य असतो. पण मागे मोठी पोकळी राहते. कानाची कातडी स्वतःहून बाहेर सरकून स्वच्छ होते, तशी ही पोकळी होत नाही. तिची सफाई बहुतेकांना जन्मभर लागते.

पोकळी त्रास देईल की नाही हे बरंचसं ती कशी केली यावर ठरतं. चेहऱ्याच्या नसेवरचा हाडाचा उंचवटा पुरेसा खाली घेतला आहे का, कडा गोल केल्या आहेत का, कोनाडे उरलेत का, आणि कानाचं बाहेरचं दार पुरेसं रुंद केलं आहे का. दार अरुंद राहिलं तर हवा जात नाही, आतलं दिसत नाही आणि कान वाहत राहतो. स्नायूचा पट्टा, हाडाचा भुगा किंवा कूर्चा घालून पोकळी लहान करण्याचीही पद्धत आहे. मी ती शक्य तिथे करतो, कारण लहान पोकळी परिचारिकेलाही सांभाळता येते.

तुमच्या बहिणीसाठी : कान-नाक-घसा विभाग असलेल्या जवळच्या शासकीय रुग्णालयात एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पोकळी पूर्ण साफ करून घ्या आणि दार अरुंद आहे का ते विचारा. ते असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने रुंद करता येतं आणि पुष्कळांचा त्रास तिथेच संपतो. तोपर्यंत अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस. चेहरा एका बाजूने ढिला वाटला, खूप चक्कर आली, किंवा तापाबरोबर जोराची डोकेदुखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय.

उत्तरायण

मी या शाखेत नवीन आहे, तरी थोडं वेगळं मत मांडतो. कानोसा, तुमचा रोख असा दिसतो की पाठपुरावा नसेल तर मोठ्या शस्त्रक्रिया करू नयेत. पण मग कॉलेस्टिॲटोमाच्या रुग्णाचं काय? पडद्याचं भोक पुढच्या वर्षी बघता येईल, याला मेंदूत गळू होईपर्यंत थांबवायचं? आपण सोप्या, कोरड्या, ९० टक्के यश देणाऱ्या कानांवर दिवस घालवायचा आणि ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला परत पाठवायचं, हे मला पटत नाही. वाहती पोकळी परवडली.

कानोसा

उत्तरायण, मुद्दा रास्त आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. दोघांपैकी एकालाच घेता येईल अशी वेळ आली तर मीही आधी कॉलेस्टिॲटोमाच टेबलावर घेईन. माझा आग्रह वेगळा आहे. तो रुग्ण घेताना पोकळी कोण साफ करणार त्या माणसाचं नाव केसपेपरवर लिहिलेलं असावं. तसं माणूस नसेल तर ते तयार करणं हा त्या फेरीच्या कामाचाच भाग. दिवसाला एक शस्त्रक्रिया कमी करा आणि तो वेळ स्थानिक परिचारिकेला सूक्ष्मदर्शक किंवा हेडलाइटखाली पोकळी साफ करायला शिकवण्यात घाला. हे कौशल्य शिकायला फार वर्षं लागत नाहीत, हातात सक्शन घेऊन पुष्कळ कान बघावे मात्र लागतात.

हिरवळ यांच्या बहिणीला "दर काही महिन्यांनी साफ करून घ्या" एवढं सांगून सोडलं गेलं. मला त्या ओळीत कुणाचं तरी नाव हवं आहे.

उत्तरायण

हे पटलं. आमच्या पुढच्या फेरीत मांडतो.

अभ्यासू

याला नेपाळचं उदाहरण जोडतो. ब्रिटनमधल्या कानतज्ज्ञांच्या ब्रिनॉस या संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे शस्त्रक्रियांची शिबिरं घेतली. पण काम तेवढ्यावर थांबलं नाही. गावपातळीवर कान तपासू शकणारे, साफ करू शकणारे सहायक तयार करण्यावर भर आला. पोखऱ्यात तर २०१५ मध्ये ग्रीन पाश्चर्स रुग्णालयात कानाचं कायमचं केंद्रच उभं राहिलं, आणि त्याआधी कित्येक वर्षं पश्चिम नेपाळात शिबिरंच चालत होती. शिबिर ते केंद्र हा प्रवास होऊ शकतो, फक्त तो पहिल्या दिवसापासून डोक्यात हवा.

स्वरयात्री

सहमत. उत्तरायण, तुम्ही वर "९० टक्के यश" लिहिलंत म्हणून एक गोष्ट मांडते. समजा १०० पडदे बसवले. वर्षाने ४० जण तपासणीला आले, त्यातले ३६ पडदे शाबूत. अहवालात "९० टक्के यश". उरलेले ६० कुठे गेले? ज्यांचा कान बरा आहे ते येत नाहीत असं आपण सोयीने समजतो. ज्यांचा पुन्हा वाहायला लागला तेही निराश होऊन येत नाहीत. अहवालात १०० पैकी किती तपासले हा आकडा पहिल्या ओळीत यावा. आणि पडदा शाबूत आहे एवढं पुरेसं नाही, ऐकू किती डेसिबलने वाढलं तेही.

पायवाट

न आलेल्यांकडे जाणं हाच उपाय. आमच्या आरोग्यसेविका घरी जाऊन फोटो काढतात. सुरुवातीला लोक म्हणायचे, आता कान बरा आहे, कशाला? पण सेविका गावातलीच असल्यामुळे दार उघडतं. बाहेरून आलेल्या कुणाला ते जमलं नसतं. एक अडचण मात्र आहे : हे काम तिच्या नेहमीच्या कामात भर म्हणून टाकलं जातं. त्याचा वेगळा मोबदला पथकाच्या खर्चात धरावा, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

उत्तरायण

उपकरणांबद्दल कुणी लिहिलं नाही. सूक्ष्मदर्शक जड, रस्त्यात हादरे बसून बिघडतो. आम्ही एंडोस्कोपने पडदे करतो. दुर्बीण, कॅमेरा, एलईडी प्रकाश, सगळं एका पेटीत मावतं. कानामागे चीरही लागत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुआझ ताराबिची यांनी याबद्दल लिहिलं तेव्हा लोक साशंक होते, आता जगभर चालतं. मोठा फायदा म्हणजे स्क्रीनवर सगळ्यांना तेच दिसतं, शिकवणं सोपं होतं.

कानोसा

हो, शिकवायला फारच चांगलं. दोन गोष्टी सांभाळा. एका हातात दुर्बीण असते, म्हणून रक्तस्राव आवरला नाही तर अडकायला होतं. आणि दुर्बिणीच्या टोकाची उष्णता : प्रकाश लागेल तेवढाच ठेवा आणि टोक अधूनमधून बाहेर काढून थंड होऊ द्या. हाड खूप पोखरायचं असेल तिथे अजून तरी सूक्ष्मदर्शक आणि ड्रिलच. स्थानिक डॉक्टरला ड्रिल शिकवायचा असेल तर थेट रुग्णावर नको. त्रिमितीय छपाईची टेम्पोरल हाडं, म्हणजे कान ज्यात असतो त्या कवटीच्या हाडाच्या प्रतिकृती, मिळतात. एंडोस्कोपचा हात बसवायला मेंढीच्या कानावर उत्तम सराव होतो.

चौकस

मला आता विचारायचंय की माझ्यासारख्या माणसाला यात काय करता येईल? देणगी मागायला संस्था येतात तेव्हा कुणाला द्यावी हे कळत नाही.

कानोसा

त्यांना हे विचारा : गेल्या वर्षी ज्यांच्या शस्त्रक्रिया केल्या त्यातले किती कान वर्षाने पाहिले? त्याच गावात पुन्हा कधी जाणार? पथक नसताना रुग्णाने कुणाला फोन करायचा? श्रवणचाचणी आधी आणि नंतर होते का? स्थानिक माणसाला काय शिकवलं? "किती शस्त्रक्रिया केल्या" हा आकडा ते विचारायच्या आधीच सांगतील.

हिरवळ

थोडी माहिती द्यायला आले. बहिणीला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली साफ केलं, बराच वेळ लागला. दार अरुंद आहेच म्हणाले, रुंद करायची तारीख दिली आहे. मी त्यांना विचारलं की नंतर सफाई आमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात होऊ शकेल का. ते म्हणाले, परिचारिकेला पाठवा, आम्ही शिकवतो. आता केंद्रात कुणाशी बोलायचं?

पायवाट

वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, सोबत त्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. परिचारिकेला किती दिवस सोडावं लागेल ते चिठ्ठीत लिहून घ्या, पहिला प्रश्न तोच येतो. केंद्रात सक्शन मशीन आहे आणि ते चालू आहे का हेही आधी बघून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची प्राथमिक कर्णसेवेची प्रशिक्षण पुस्तिका मोफत उतरवून घेता येते, ती छापून सोबत न्या. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्याकडे तयार आहे.